लमाणटेकडीची कानमोजणी

कुणीतरी खोकलं आणि रंगनाथराव हटवारांनी डोळे न उघडता हात वर केला. याचा अर्थ झालेली सहा मिनिटं पाण्यात गेली, आता दहा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. मागे उभ्या असलेल्या अकरा जणांनी एकमेकांकडे पाहिलं. खोकणारे गृहस्थ हिंजवडीतल्या कुठल्याशा कंपनीत मॅनेजर होते आणि दुसऱ्यांदाच आले होते. त्यांनी तोंडावर रुमाल दाबला, तर खोकला नाकातून यायला लागला.

"खोकला असेल तर दवाखाना गाठावा," रंगनाथराव म्हणाले. "टेकडीवर औषध मिळत नाही."

विश्रांतवाडीच्या मागे, आळंदी रस्त्यापासून पंधरा मिनिटं चाललं की लमाणटेकडी लागते. टेकडी कसली, चहूबाजूंनी इमारतींनी घेरलेला खडक, बाभळी आणि गवत. पण जुन्या खाणीच्या खळग्यामागे उतरलं की शहराचा आवाज थांबतो. वरून लोहगावची विमानं गेली तर तेवढीच. पुण्यात असल्या जागा हाताच्या बोटांवर मोजाव्यात. ही जागा बावीस वर्षांपूर्वी आपण शोधली, असं रंगनाथराव सांगत. तिथे शेळ्या चारणारी माणसं त्याआधीही पिढ्यान्‌पिढ्या येत होती, पण त्यांनी गट काढून लेटरहेड छापलं नव्हतं, एवढंच.

गटाचं काम एकच, कानमोजणी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उजाडताना सहा ठरलेल्या जागी दहा-दहा मिनिटं गप्प उभं राहायचं, आणि ज्या पाखराचा आवाज कानावर पडेल त्याचं नाव कागदावर मांडायचं. दिसलेलं पाखरू मांडायचं नाही. नाकावर येऊन बसलं तरी नाही. "डोळा लबाड असतो," रंगनाथराव बजावत. "माणसाला जे हवं ते त्याला दिसतं. ऐकलं ते लिहा, दिसलं ते सोडा." नियम त्यांचा, कागद त्यांचा, आणि नावं मांडणारेही ते एकटेच. बाकीच्यांनी मागे उभं राहून शांतता पाळायची. टेकडी चढल्यापासून उतरेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही, शंका असली तर खाली येऊन विचारायची. आणि खाली आल्यावर विचारलीच, तर ऐकून घ्यावं लागे ते असं, की पुन्हा शंका म्हणून कुणाला येत नसे.

मूळचे ते साकोलीकडचे. जंगलाच्या काठावरचं गाव, बापाने पोराला आवाजावरून पाखरू सांगायला शिकवलेलं. पोटासाठी पुण्यात आले आणि भोसरीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं लोखंड ठोकणाऱ्या अजस्र घणाशेजारी उभे राहिले. कानात कापसाचे बोळे घालायचे, तेही आठवण झाली तर. कारखान्यात त्यांना कुणी नावानेही ओळखत नव्हतं, टोकन नंबर चारशे बारा एवढीच ओळख. टेकडीवर मात्र लाख-दोन लाख पगाराची माणसं त्यांच्या एका बोटावर श्वास आवरून उभी राहत. हे सुख त्यांना पेन्शनीपेक्षा मोठं वाटे, आणि ते ती गोष्ट लपवतही नसत.

पण गेली पाच-सहा वर्षं टेकडी मरत चालली होती. आधी कागदावर चोवीस नावं असत. मग एकोणीस झाली, मग बारा. रंगनाथरावांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. कुत्री फिरवणारे, हास्यक्लबवाले, लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी, मोबाइलवर भजनं लावून चालणारे आजोबा, या सगळ्यांशी त्यांनी एकेक करून वैर घेतलं होतं. हास्यक्लबच्या अध्यक्षांना त्यांनी तोंडावर विचारलं होतं, "तुमच्या घरी हसू देत नाहीत का?" अध्यक्ष त्या दिवसापासून रस्ता बदलून जात.

त्या मार्चच्या रविवारी कागदावर सात नावं आली. मोर, भारद्वाज, तांबट, होला, तित्तिर, टिटवी आणि कोकीळ. तिसऱ्या जागेवर समोरच्या बाभळीवर शिंजीर येऊन बसला होता, अंगठ्याएवढा, निळाकाळा. चोच उघडत होता, मिटत होता, सगळं अंग थरथरवत होता. आवाज मात्र नाही. रंगनाथरावांना इतकं वाईट वाटलं की स्वतःचाच नियम मोडून ते मागे वळून बोलले.

"बघा. पाखरं मुकी झालीत. तुमच्या शहराने गळा दाबलाय त्यांचा."

मॅनेजर काहीतरी सांगायला पुढे झाले, पण मघाचा खोकला आठवून गप्प बसले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. यातल्या कुणालाच पाखरांचे आवाज ओळखू येत नव्हते, आणि गटाचा धर्मच गप्प राहणं. तिथे चुकतंय म्हणून सांगणार कोण?

एकीने सांगितलं होतं, पण ती गोष्ट पुढे येईल.

सोमवारी संध्याकाळी गटाची चिटणीस उत्कर्षा जाडजूड अहवाल घेऊन घरी आली. पंचविशीतली, सॉफ्टवेअर कंपनीतली मुलगी. रंगनाथरावांचे कागद दर महिन्याला संगणकावर चढवायचं काम तिचं.

"काका, टेकडी कापून जो चौपदरी रस्ता करायचाय ना, त्याच्या सल्लागार कंपनीचा अहवाल आला. पान एकोणचाळीस वाचा."

रंगनाथरावांनी चष्मा लावून वाचलं. स्थानिक निसर्गगटाच्या स्वतःच्याच नोंदींनुसार टेकडीवरील पक्ष्यांच्या जाती सहा वर्षांत चोवीसवरून सातवर आल्या आहेत, टेकडीचं नैसर्गिक मूल्य जवळपास संपलेलं आहे, सबब रस्त्यामुळे वेगळं काही नुकसान संभवत नाही.

"ह्यांना आपले कागद दिले कुणी?"

"मीच. तुम्हीच म्हणालात, सगळी फाइल द्या, कळू दे त्यांना टेकडीचे काय हाल झालेत ते."

ते म्हणाले होते खरे. रंगनाथरावांनी अहवाल मिटून मांडीवर ठेवला. "म्हणजे मी बोंब मारली की माणूस मरतोय, डॉक्टर आणा," ते म्हणाले, "आणि हे लोक तिरडी घेऊन आले."

"शुक्रवारी सुनावणी आहे. काका, एक विचारू? रागावू नका. काल तिसऱ्या जागेवर मला खूप आवाज येत होते. बारीक बारीक. चिवचिव, टिकटिक असे. मला नावं येत नाहीत, पण..."

"रातकिडे असतील."

"सकाळी साडेसहाला?"

"मग कानात वारं शिरलं असेल. नावं येत नाहीत म्हणतेस ना? मग बोलतेस कशाला?"

उत्कर्षाने चहा अर्धा ठेवला आणि ती उठून गेली. स्वयंपाकघरातून द्वारकाबाई बाहेर आल्या, कप उचलला आणि नवऱ्याकडे एकदा बघून परत आत गेल्या. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बघण्यातून बरंच बोलायला शिकून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी नाजिमा बागवान आल्या.

त्या कॅम्पातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत. पन्नाशीच्या, सडपातळ, घर भवानी पेठेत पिढीजात. कानाने पाखरं ओळखणारी गटातली दुसरी व्यक्ती त्याच. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःचा वेगळा कागद मांडायला सुरुवात केली होती. रंगनाथरावांनी तो सगळ्यांसमोर मागून घेतला, त्यातली अकरा नावं लाल शाईने खोडली आणि म्हणाले, "बाई, वर्गात मुलांना खोटी उत्तरं लिहू देता का?" एवढ्यावर ते थांबले नाहीत. बाईंनी वाद घातला तेव्हा गटाच्या लेटरहेडवर पत्र काढून त्यांनी बाईंना गटातून काढून टाकलं. त्यानंतर दोघांची गाठ पडली नव्हती.

"या, बसा," द्वारकाबाई म्हणाल्या.

"बसायला आले नाही," नाजिमाबाई म्हणाल्या. "उत्कर्षाने फोन केला म्हणून आले." त्यांनी पर्समधून वही काढून टीपॉयवर ठेवली. "दोन वर्षं दर पहिल्या रविवारी आपण खाली उतरलात की मी वर जाते. त्याच सहा जागा, दहा-दहा मिनिटं, आपलेच नियम. ऐकलं ते लिहिलं, दिसलं ते सोडलं. परवाच्या रविवारी तेवीस जाती."

"शक्यच नाही."

"आपल्या कागदावर सात राहिल्या. मोर, भारद्वाज, तांबट, होला, तित्तिर, टिटवी, कोकीळ. गेले कोण? शिंजीर, चष्मेवाला, फुलटोच्या, वटवट्या, मुनिया, चंडोल. काका, गेलेल्यांचे आवाज आठवा जरा. सगळे बारीक. राहिलेले सगळे घोगरे नाहीतर खणखणीत. रस्ता, धूर, कुत्री, ही काय आवाज बघून पाखरं मारतात?"

रंगनाथराव उभे राहिले. चेहरा लालबुंद. "म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला? मला, रंगनाथ हटवारला, तुम्ही शिकवणार? तुम्ही पेठेत वाढलात. पाखराचं नाव पुस्तकात वाचलंत. मी जंगलात जन्मलो. माझ्या बापाने मला..."

"आपल्या वडिलांच्या कानांबद्दल मी काहीच म्हणत नाहीये."

"निघा."

"निघते. पण एक ऐकून ठेवा, ऐकू येत असेल तर. मला काढल्याचं आपलं पत्र फाइलबरोबर कंपनीकडे गेलंय. अहवालाला जोडलंय त्यांनी. 'नाजिमा बागवान यांच्या नोंदी कल्पित आहेत, अधिकृत नोंद फक्त श्री. हटवार यांची.' माझी वही मी शुक्रवारी पुढे केली की ते हेच पत्र दाखवणार. पत्र आपण मागे घेतलंत तर वही चालेल, नाहीतर टेकडीवर बुलडोझर. आणि मागे का घेतलंत, हे आपल्यालाच उभं राहून सांगावं लागेल."

त्या जिना उतरून गेल्या. रंगनाथराव दारात उभे राहून ओरडत राहिले, की लोकांना मोठेपणा हवा असतो, की कुणीही उठतं आणि कानाला नावं ठेवतं, की माणसाने वयाचा तरी मान ठेवावा. ओरडून दमल्यावर वळले, तर द्वारकाबाई बाल्कनीच्या दाराशी उभ्या होत्या.

"काय आहे?"

"मशीन," त्या म्हणाल्या. "कपडे धुऊन झाले की ते पीं-पीं करतं. त्या बाई आल्या तेव्हापासून करतंय. मुद्दाम बंद केलं नाही आज."

रंगनाथराव बाल्कनीत गेले. मशीनवरचा लाल दिवा लुकलुकत होता. त्यांनी कान मशीनला लावला. पत्र्याची घरघर नाही, पीं नाही, काही नाही. द्वारकाबाईंनी बटण दाबलं तेव्हा दिवा विझला.

"कधीपासून?"

"पाचेक वर्षं असतील. ताप बघायचं ते यंत्र काखेत धरून तुम्ही अर्धा अर्धा तास बसता. ते वाजून गप्प होतं."

"मग सांगितलं काऊन नाही?" चिडले की त्यांच्या बोलण्यात साकोली यायची.

"सांगितलं होतं. कानाचे डॉक्टर म्हटलं होतं फक्त. आठ दिवस बोलला नव्हतात माझ्याशी. नवव्या दिवशी मी ठरवलं, जाऊ दे, पीं-पीं मीच बंद करीन."

त्या रात्री ते जेवले नाहीत, बुधवारी दिवसभर बाहेर पडले नाहीत, आणि गुरुवारी सकाळी आपणहून चपला घालून म्हणाले, "चला." कुठे, ते द्वारकाबाईंनी विचारलं नाही.

कान तपासणीच्या दवाखान्यात एक छोटी काचेची खोली होती, भिंतींना आतून जाड स्पंज. दार लावलं की बाहेरचं काही म्हणता काही आत येत नाही. निकिता नावाच्या मुलीने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि काचेपलीकडे जाऊन बसली. आवाज आला की बटण दाबायचं.

अशी शांतता रंगनाथरावांनी साकोलीच्या जंगलातही अनुभवली नव्हती. आणि बावीस वर्षं लोकांना शांततेचे धडे देणाऱ्या त्या माणसाला तिची भीती वाटली. टेकडीवरच्या शांततेत कुठूनतरी काहीतरी येणार याची खात्री असे. इथे नुसतीच वाट बघणं. सुरुवातीला खालचे, जाड आवाज आले, त्यांनी झटझट बटण दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. काचेपलीकडे निकिता कागदावर खुणा करत होती. ती खुणा करतेय म्हणजे आवाज लावतेय, आणि आपण दाबत नाही. त्यांनी दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं. मग दर दोन-चार सेकंदांनी दाबतच सुटले.

निकिताने दार उघडलं. "काका, मी आता काही लावलंच नव्हतं. मी तुमचं नाव लिहीत होते."

एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटायला याहून जास्त काही लागत नाही. त्यांनी बटण मांडीवर ठेवलं. "पुन्हा घ्या," ते म्हणाले. "या वेळी खोटं दाबणार नाही."

निकाल आलेखावर होता. डावीकडून सरळ आलेली रेघ अर्ध्या कागदावर येऊन दरीत कोसळली होती. "कारखान्यात होतात का? तिथल्या आवाजाने असं होतं," निकिता म्हणाली. "जाड आवाज ऐकू येतात, बारीक जातात. हळूहळू जातात ना, म्हणून माणसाला वाटतं जगच शांत झालंय." तिने यंत्राचं पण सांगितलं, कानामागे बसवायचं. काही आवाज परत येतील, सगळे नाहीत. रंगनाथरावांनी मान हलवली. त्यांचं लक्ष त्या दरीकडे होतं. रेघ जिथे पडली होती तिथे शिंजीर होता, त्याच्या खाली चष्मेवाला.

सुनावणी एका मंगल कार्यालयात होती. नवरा-नवरीच्या सिंहासनासारख्या खुर्च्या बाजूला सारून मधे टेबल मांडलं होतं, मागे आदल्या दिवशीच्या लग्नाचे झेंडू तसेच लटकत होते. सुनावणी घ्यायला नेमलेल्या अधिकारी श्यामला केसकर टेबलामागे बसल्या होत्या. दीड-दोनशे माणसं होती. अर्ध्यांना रस्ता हवा होता, कारण रोज तासभर कोंडीत अडकून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि ते तसं ओरडून सांगतही होते. गटाचे लोक डाव्या बाजूला. नाजिमाबाई शेवटच्या रांगेत, मांडीवर वही.

सल्लागार कंपनीकडून शौनक नावाचा तरुण उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, मधाळ बोलणं. "आम्ही बाहेरून माहिती आणलेली नाही," तो म्हणाला. "या टेकडीवर ज्यांचं प्रेम आहे, त्यांच्याच नोंदी वापरल्या. इथे हटवारकाका बसलेत. त्यांच्यासारखा कान पुणे शहरात दुसरा नाही, हे मी नाही म्हणत, सगळे निसर्गप्रेमी म्हणतात. काकांच्या निष्ठेला सलाम."

टाळ्या वाजल्या. दोन्ही बाजूंनी वाजल्या. आणि काय सांगावं या माणसाला, त्या अवस्थेतही रंगनाथरावांना त्या गोड लागल्या. उद्या टेकडी गेली तरी लोक हेच म्हणणार होते, की हटवारांनी आधीच सांगितलं होतं, हटवारांचा कान खोटा ठरला नाही. त्यासाठी त्यांना काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं.

"गटातर्फे कुणाला बोलायचंय?" केसकरबाईंनी विचारलं.

रंगनाथराव उठले. पुढे जाऊन माइकसमोर उभे राहिले. घरी पाठ केलेली शुद्ध वाक्यं सगळी पळाली, आणि तोंडातून आलं ते गावचं.

"मले आयकू येत नाही जी."

शौनकने धावत येऊन माइक वर केला. "काका, मॅडम विचारतायत, तुम्हाला काही बोलायचंय का?" तो त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाला. सभागृहात हशा पिकला.

"तुमचं ऐकू येतंय," रंगनाथराव म्हणाले. "तुमचा आवाज जाड आहे." मग ते टेबलाकडे वळले. "बाई, मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. पाच-सहा वर्षं येत नसतील. मला कळलं काल. हा कागद बघा कानाच्या डॉक्टरचा. जिथे ही रेघ पडलीय, त्याच्या पुढची सगळी पाखरं माझ्या यादीतून गेलीत. ती टेकडीवरून गेली असं मी समजलो. सहा वर्षं मी तसं लिहिलं, आणि लोकांना शिव्या दिल्या. ही यादी टेकडीची नाही. माझ्या कानांची आहे."

आता कुणी हसत नव्हतं. उत्कर्षा तोंडावर हात ठेवून बसली होती. हास्यक्लबचे अध्यक्षही आले होते आणि छताकडे बघत होते.

शौनक सावरला. "मॅडम, मग आमचा प्रश्न असा, की यांच्या सगळ्याच नोंदी अविश्वसनीय ठरतात. सहा वर्षांपूर्वीच्या चोवीस जाती तरी खऱ्या कशावरून? कदाचित तिथे कधीच काही नव्हतं."

रंगनाथरावांचे बावीस वर्षांचे कागद, एकही रविवार न चुकवता मांडलेले, त्या एका वाक्यात रद्दीत गेले.

"दुसऱ्या कुणी ऐकलंय?" केसकरबाईंनी विचारलं.

शेवटच्या रांगेत नाजिमाबाई हलल्या नाहीत. वहीवर दोन्ही हात ठेवून त्या सरळ रंगनाथरावांकडे बघत होत्या. त्यांना मदत करायची होती, पण फुकट नाही. रंगनाथरावांना ते कळलं. मनातल्या मनात त्यांनी बाईंना एक शिवी हासडली, आणि बाईंचं बरोबर आहे हेही त्याच दमात कबूल केलं.

"यांनी ऐकलंय," ते म्हणाले. "नाजिमाबाई बागवान. अहवालात माझं पत्र आहे, की त्यांच्या नोंदी कल्पित आहेत. ते पत्र खोटं आहे. त्यांना ऐकू येत होतं, मला येत नव्हतं, आणि मी चारचौघांत त्यांचा अपमान करून त्यांना हाकललं."

"हळू सांगा, लिहून घेतेय," केसकरबाई म्हणाल्या.

त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं. अपमान हा शब्द केसकरबाईंनी विचारून लिहून घेतला. मग नाजिमाबाई उठल्या, पुढे आल्या, वही उघडली आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा कोरड्या आवाजात परवाच्या रविवारची नावं वाचू लागल्या.

"जागा पहिली. शिंजीर, दोन. चष्मेवाला, थवा. वटवट्या, एक. जागा दुसरी. मुनिया. चंडोल. फुलटोच्या."

रंगनाथराव माइकशेजारी उभे होते. एकेका नावासरशी त्यांच्या डोक्यात तो तो आवाज उठत होता, बापाने बोट धरून ऐकवलेला, जसाच्या तसा. सगळे होते. ज्यांच्या नावाने त्यांनी सहा वर्षं सुतक पाळलं, ते सगळे तिथे होते, त्यांच्या समोर, त्यांच्या डोक्यावर, रोज बोंबलून गात होते. त्यांना इतका आनंद झाला की रडू आलं, आणि आपल्याला यातलं पुन्हा कधी धड ऐकू येणार नाही म्हणूनही आलं. दोन्ही रडणी एकदमच आली, मग पुसायचं तरी कुठलं? ते तसेच उभे राहिले.

केसकरबाईंनी निर्णय दिला नाही. दोन्ही बाजूंची माणसं घेऊन तीन महिने नवी मोजणी करा, तोवर अहवाल बाजूला, असं त्यांनी लिहिलं. मोजणी नाजिमाबाईंनी करावी आणि कंपनीचा माणूस सोबत असावा. रस्ता हवा असलेल्यांनी आरडाओरडा केला, मग चहा आला आणि सगळे चहाकडे गेले. गटातले लोक रंगनाथरावांच्या बाजूने जाताना खाली बघत होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यावर शांतता पाळायची सक्ती नव्हती, तरी कुणाला काही बोलायला सुचेना.

द्वारकाबाई रिक्षा बघायला पुढे गेल्या. रंगनाथराव जिन्यावर थांबले, तेव्हा नाजिमाबाई मागून आल्या. थांबल्या, पण चेहरा काही सैल पडला नव्हता.

"रविवारी सहाला सुरू करतोय," त्या म्हणाल्या. "यायचं तर या."

"मी येऊन काय करू?"

"बावीस वर्षं बाकीचे काय करत होते?" नाजिमाबाई म्हणाल्या. "मागे उभं राहायचं."

त्या खाली उतरून गेल्या. त्यांचं बोलणं हळू होतं आणि कार्यालयाबाहेर हॉर्न वाजत होते, पण रंगनाथरावांना ते स्वच्छ ऐकू आलं.